हातमोजे

सिनेमात नायकानं नुसती मिशी चिकटवली, गालावर एक तीळ काढला, की त्याची सख्खी आईसुद्धा त्याला ओळखत नाही. लहानपणी थेटरात बसून आम्ही खो खो हसायचो. अगं बाई, डोळे फुटले काय तुझे, तुझाच पोरगा हाय की तो! हसायचो आणि तरी मानायचो, कारण नाही मानलं तर पुढचा सिनेमाच होत नाही. नाटकातही तेच. तोंड झाकलं की माणूस लपला, असं प्रेक्षकांनी आणि नटांनी मिळून ठरवलेलं असतं. मी इतकी वर्षं हौशी नाटकं बसवली, की हे ठरवलेलं माझ्या अंगवळणी पडलं आणि स्टेजखाली बसलेल्या खऱ्या माणसांनाही ते लागू असतं, असं मी धरून चालले. त्यात एका बाईची दहावी गेली. तिचं नाव इथं लिहीत नाही. उशिरा का होईना, तेवढं तरी लपवते.

मी सोलापुरात एका शाळेत मराठी शिकवते. शाळा सुटल्यावर पाच वाजता तिथल्याच एका खोलीत बायकांचा वर्ग घ्यायचे. शाळा अर्ध्यात सुटलेल्या बायका, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या. बहुतेकजणी विड्या वळणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, नवरे टॉवेलच्या मागावर कामाला. हाताला तंबाखूचा वास घेऊनच त्या यायच्या आणि पहिली दहा मिनिटं मला शिंका यायच्या. मग त्या हसायच्या आणि वर्ग सुरू व्हायचा.

ती त्यातली सगळ्यात हुशार वगैरे नव्हती. बीजगणित आलं की पदराआड जांभई द्यायची. पण धडा वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची, इतका तिचा आवाज चांगला होता. वय असेल तीस-बत्तीस. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "घरचे काय म्हणाले?" तर म्हणाली, "अत्तम्मानंच पाठवलं की मॅडम." अत्तम्मा म्हणजे सासू. सासू चाळीस वर्षं विड्या वळत होती, पाठीची पार कमान झालेली. तिनं सुनेला सांगितलं होतं, तू शीक, दहावी हो, अंगणवाडीत कुठं लागलीस तर बघ, तुझ्या वाटणीच्या संध्याकाळच्या विड्या मी वळते. असली सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही. हे मी तेव्हाही म्हणाले होते, सगळ्या वर्गासमोर, आणि ती लाजली होती.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. एकांकिका स्पर्धा जवळ आली होती आणि मी एक संहिता लिहून ठेवली होती. एक गल्ली, सहा घरं, प्रत्येक घर शेजाऱ्यापासून काहीतरी लपवतंय आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं माहीत आहे. कॉलेजच्या पोरी घेऊन ती बसवायचा मला कंटाळा आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याच्या खुणाच नसतात. या बायकांच्या होत्या. मी वर्गात विषय काढला तेव्हा सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकजण म्हणाली, "घरी कळलं तर मॅडम? नाटक म्हणल्यावर आमच्याकडं सरळ तमाशा म्हणतेत." मी चिडले. मला पटकन राग येतो, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण दहा दिवसांनी त्यांनीच येऊन सांगितलं, करतो, पण तोंड दिसता कामा नये आणि पेपरात नाव छापता कामा नये.

म्हणून मुखवटे. जुनी वर्तमानपत्रं आणि एकीनं नवऱ्याच्या मागावरून मागून आणलेली खळ, यांचे थरावर थर देऊन आम्ही ते केले आणि शाळेच्या गच्चीवर वाळवले. पांढरे, कोरे, डोळ्यांना भोकं आणि तोंडाशी एक फट. पुढे परीक्षकांनी मला विचारलं, मुखवट्यांमागची भूमिका काय? तेव्हा मी समाज, दडपण, स्त्रीचं अदृश्य असणं, असं पाच मिनिटं बोलले. भूमिका कसली डोंबलाची! बायकांची अट होती ती. माझी कल्पना म्हणून मी ती खपवली.

घरी सगळ्यांनी एकच सांगितलं, परीक्षा जवळ आली, मॅडम जादा तास घेतायत. ते खोटं मीच सुचवलं होतं. दोन जणींच्या नवऱ्यांचे फोन आले, तेव्हा मी माझ्या मास्तरणीच्या आवाजात सांगितलं, हो, गणित फार कच्चं आहे त्यांचं. गणित कच्चं होतं हे खरंच होतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

तालमीत एक दिवस शेवट काही केल्या जमेना. मी लिहिलेलं स्वगत तिच्या तोंडी बसत नव्हतं. शेवटी मी वैतागून म्हणाले, "जाऊ दे ते बोलणं. घरी काय करतेस ते कर." ती मुखवट्यातच खाली बसली. समोर काहीच नव्हतं, ना सूप, ना पान, ना तंबाखू. तिनं नसलेलं पान हातात घेतलं, नसलेली तंबाखू चिमटीनं पसरली, विडी वळली, दोरा गुंडाळला, अंगठ्याच्या नखानं विडीचं तोंड मोडलं. आणि मग ती विडी कानाशी नेऊन दोन बोटांत हळूच फिरवली, मान जराशी कलती करून.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"सवय हाय मॅडम. तंबाखू ओली हाय का वाळली, कानाला कळतंय. माझी आई करायची. हितं सगळे हसतेत मला, दुसरं कुणीच असं करत न्हाय."

मुखवट्याला कान नव्हता. जिथं कान असायला हवा तिथं नुसता पांढरा कागद, आणि त्याला लावलेली ती नसलेली विडी. मी तिथल्या तिथं सगळं स्वगत खोडलं आणि नाटकाचा शेवट त्या हातांवर केला. बाकीच्या पाच जणी पाठमोऱ्या उभ्या, ही एकटी समोर बसून विडी वळते, कानाला लावते, ऐकते, पडदा. इतक्या वर्षांत मला जे एकदाही जमलं नव्हतं ते तिनं बसल्या जागी करून दाखवलं होतं. मी वेडी झाले होते आनंदानं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. "मॅडम, ते हाताचं तेवढं काढा की."

"का गं?"

"आमच्यात हात ओळखतेत. वर्षं वर्षं एकमेकींच्या समोर बसून हातच बघतो की आमी. तोंड वर करून बघायला टाइम कुटं असतोय?"

"अगं, चेहरा झाकलाय ना पूर्ण? हात काय सगळ्यांनाच असतात."

"मग हातमोजे तरी घालू द्या. पांढरे मिळतेत. मी बघून आले."

"मुखवटा आणि वर हातमोजे? वरातीतला बँडवाला दिसशील!"

तोवर बाकीच्या आल्या होत्या. त्या हसल्या, तीही हसली. समोरच्याला हसवून विषय संपवणं मला फार छान जमतं. मला वाटतं, शिक्षकीत मी मुख्य हेच शिकले.

तिनं जे सांगितलं ते मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. दोघा-तिघांना तसं सांगूनही झालंय. पण मला नीट कळलं होतं. हातमोजे घातले तर ते नख दिसलं नसतं, बोटांच्या टोकांचा तंबाखूनं पडलेला तपकिरी रंग दिसला नसता, आणि त्या शेवटातला जीव गेला असता. एका पारड्यात माझा शेवट होता आणि दुसऱ्यात तिचं घर, आणि मी विचार करायलासुद्धा थांबले नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. प्राथमिक फेरी सोलापुरातच होती, सकाळी अकराला. त्या वेळेला एकांकिका बघायला कुत्रंही फिरकत नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर शेवट पडला तर परीक्षकांवर काय परिणाम होणार? म्हणून मी विडी कारखान्यात गेले आणि विड्या तपासून घेणाऱ्या बाईंकडे पासांचा गठ्ठा दिला. म्हटलं, विडी कामगार बायकांवरचं नाटक आहे, तुमच्या बायकांना पाठवा, फुकट आहे. सोलापुरात कारखाने काय कमी आहेत? मी नेमकी तिच्याच कारखान्यात गेले, कारण तो शाळेपासून जवळ होता. खरंच, एवढंच कारण. हात ओळखणाऱ्या बायका मी स्वतः बोलावून पहिल्या रांगांत बसवल्या.

दुसरी घंटा झाली तेव्हा ती विंगेतून बाहेर डोकावली आणि मागं फिरली. मुखवटा चढवलेला होता, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. आवाज मात्र पार गेला होता.

"मॅडम, अत्तम्मा बसल्यात. तिसऱ्या रांगेत. कारखान्यातल्या सगळ्या आल्यात."

"बसू दे. मुखवट्याच्या आत कोण बघायला येतंय?"

"हाताचं नको मॅडम. आज एक दिवस नको. मी नुसती बसून राहते, मान खाली घालून. पाया पडते तुमच्या."

मी म्हणाले, "ऐनवेळी नाटक करू नकोस." काय पण वाक्य! मग तिसरी घंटा झाली आणि मी तिला खांद्याला धरून स्टेजकडे वळवलं.

तिनं ते केलं. स्टेजवर गेल्यावर तिला कोण अडवणार होतं? नुसती बसून राहिली असती तर मी काय करणार होते? पण तिनं केलं, आणि तालमीत कधी झालं नव्हतं इतकं सुरेख केलं. मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते, बघ, तिलाही करायचंच होतं, कलावंत आहे ती. हे उत्तर माझ्या सोयीचं आहे. आपल्या मॅडमनं खांदा धरून पुढं ढकललं की वर्गातली कुठलीही बाई सांगितलेलं करते.

विडी कानाशी गेली आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "कोडलु." कोडलु म्हणजे सून. मग शेजारची म्हणाली, मग पुढची. टाळ्या पडायच्या आधी तो एक शब्द अख्खी रांग फिरून आला. मी विंगेत उभी होते, मला तो ऐकू आला. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा, प्रेक्षकांत खळबळ झाली. लाज वाटते हे लिहिताना.

नाटक संपल्यावर सासू मागे आली. ठेंगणी, कमरेत वाकलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. सुनेकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सून मुखवटा हातात धरून भिंतीला टेकून उभी होती. सासू माझ्यासमोर आली, नमस्कार केला, आणि म्हणाली, "मॅडम, दहावीत विड्या वळायचा बी पेपर असतोय का?"

ती पुढं म्हणाली, "हिचं पोट शाळेनं भरंल म्हणून हिच्या वाटणीच्या विड्या मी वळालेय दोन म्हयने. ही हितं वळालीय. पानाबिगर, तंबाखूबिगर. लोकं हसालेत का रडालेत ते बी मला कळलं न्हाय." तिचा आवाज चढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिनं सुनेला हाक मारली, तेलुगूत काहीतरी दोनच शब्द बोलली, आणि दोघी निघून गेल्या. मुखवटा खुर्चीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. आत खाली मान घालून ती विड्या वळत बसली होती. सासूनं मला खुर्ची दिली, चहा दिला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. मी म्हणाले, "मावशी, नाटक सोडा, पण परीक्षेला तरी बसू द्या तिला. फॉर्म भरलाय."

सासूनं सरळ विचारलं, "नाटकात ये म्हणून तुमी म्हणला का हिनं म्हणलं?"

हीच ती वेळ होती. मी म्हटलं असतं, जादा तासाचं खोटं मी सुचवलं, हात झाकते म्हणून ती पाया पडत होती, ते मी ऐकलं नाही, पाससुद्धा मीच वाटले, तर त्या बाईनं मला दारातून हाकललं असतं आणि सुनेला कदाचित परत पाठवलं असतं. रागाला जागा मिळाली असती दुसरीकडे. पण मी शाळेतली बाई, अंगावर स्टार्चची साडी, बशीत बिस्किटं. मी म्हणाले, "तसं नाही मावशी, सगळ्याजणी हौसेनं आल्या."

आतला हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. सासू म्हणाली, "व्हय का." आणि माझा कप उचलून आत घेऊन गेली.

मार्चमध्ये तिची जागा रिकामी राहिली. बाकी पाच जणी बसल्या, तिघी पास झाल्या.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच सांगायला मी बसलेय. आमची एकांकिका पुण्याला अंतिम फेरीत गेली. बाकीच्या पाच जणींना कुणी ओळखलं नव्हतं; त्यांनी घरी पुण्याला सराव परीक्षा आहे म्हणून सांगितलं. तिच्या जागी मी कॉलेजातली एक मुलगी घेतली. मुलगी चांगली होती, आवाज ठीक, उंची तेवढीच. मुखवटा तिला असा बसला की लांबून मलाही फरक कळेना. फक्त शेवट येईना. पान कुठं धरायचं, दोरा कसा फिरवायचा, नख कुठं लावायचं, काही म्हणता काही जमेना. गोरे, मऊ हात. कुणीही बघून म्हणालं असतं, या पोरीनं जन्मात विडीला हात लावला नाही.

मी बाजारात गेले आणि पांढरे हातमोजे घेऊन आले.

पुण्यात आमचा दुसरा नंबर आला. परीक्षक बक्षीस देताना माझ्याशी थांबून बोलले. मुखवट्यांबरोबर हातमोजे देण्याची कल्पना फार विचारपूर्वक आहे, म्हणाले, त्यामुळे ती बाई कुणीही असू शकते असं वाटत राहतं. मी थँक्यू म्हणाले. हसूनच म्हणाले. परतीच्या गाडीत बाकीच्या गाणी म्हणत होत्या आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात स्वतःला नको नको ते म्हणून घेत होते. पण सोलापूर आल्यावर उतरले, रिक्षा केली आणि घरी गेले. तिच्या घरी नाही गेले.

ती मला पुढच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत दिसली. आधी हातच दिसले. बांगड्यांच्या दुकानापुढं बायकांची ही गर्दी, पाठी नि पदर, आणि त्यातून कासारापुढं केलेला एक हात. बोटांची टोकं तपकिरी, अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजलेलं. मी थबकले. तिच्या कारखान्यातल्या बायकांना जे जमलं ते आता मलाही जमत होतं.

सासू शेजारीच होती. तिनं मला बघून मान हलवली आणि पलीकडच्या दुकानात हिरव्या बांगड्यांचा भाव विचारायला गेली. मुद्दामच गेली असावी.

"कशी आहेस?" मी म्हणाले.

"बरी हाय मॅडम." तिच्या आवाजात राग नव्हता. "पुण्याला नंबर आला म्हणं आपला."

आपला म्हणाली. "अगं, यंदा फॉर्म भर. मी येते सासूबाईंशी बोलायला. या खेपेला सगळं खरं सांगते."

"आता कशाला," ती म्हणाली. कासारानं तिचा हात दाबून आणखी एक बांगडी चढवली, ती जरा कळवळली. मग तिनं विचारलं, अगदी उत्सुकतेनं, एका कलावंतानं दुसऱ्याबद्दल विचारावं तसं, "माझं काम कुणी केलं? शेवटचं, हाताचं? तिला जमलं का ते?"

खोटं बोलायला मला काय अवघड होतं? इतकी बोलले होते. पण तिनं ते असं विचारलं होतं की मला खोटं बोलवेना.

"नाही जमलं," मी म्हणाले. "तिला मी हातमोजे घातले."

जत्रेत भोंगे वाजत होते, पाळण्यातून पोरं किंचाळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला इतके दिवस वर्गात आणि मुखवट्यात बघितलं होतं, पण तिचा चेहरा इतक्या जवळून नीट असा त्याच दिवशी बघितला.

"म्हंजे घालता येत होते की," ती म्हणाली.

आणि कासाराकडे वळून तिनं दुसरा हात पुढं केला.